पुढचे पाय पॅडवर, मागचे लादीवर: चिंगीचं प्रकरण

20 जुलै 2025, रविवार. ठाण्यातला सातव्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. दार उघडताच पांढऱ्या फिनेलचा भपकारा आला. आत आजी एका हाताने गुडघा धरून देवघरासमोरची लादी पुसत होत्या. सूनबाईंनी मला आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवलं होतं, "ताई, उद्या काही मार्ग निघाला नाही तर पिल्लू परत देऊन टाकायचं ठरलंय घरात."

पिल्लू म्हणजे चिंगी. शिह त्झू या कुत्र्यांच्या जातीची मादी, अकरा आठवड्यांची, वजन दीड किलोच्या आत. 5 जुलैला घरी आली तेव्हा ती नऊ आठवड्यांची होती. घरात नवरा-बायको दोघंही नोकरीला, मुलगी सहावीत, आणि दिवसभर घरी असणाऱ्या बाहत्तर वर्षांच्या आजी. पिल्लांनी घरात शू-शी करावी म्हणून अंथरायचं, ओल शोषणारं पॅड मिळतं. त्याबद्दलची तक्रार एकच: "पॅड आणलं, रोज नेऊन दाखवतो, तरी पॅड सोडून सगळीकडे शू करते."

कुत्र्यांच्या सवयींच्या कामासाठी मी घरोघर जाते, त्यामुळे ही तक्रार मला नवी नाही. तरी चिंगीचं प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटतं. त्या घरातली माणसं हयगय करणारी नव्हती. जे कानावर आलं ते त्यांनी मनापासून करून पाहिलं होतं, आणि त्यातल्याच दोन-तीन गोष्टींनी पिल्लू रोज थोडं थोडं मागे जात होतं.

पॅडच का, खाली का नेत नाही, असं शेजारचे विचारत होते. त्याचं उत्तर डॉक्टरांनी दिलेलं होतं. पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि सोळा आठवड्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने चालतात. त्याआधी जमिनीवर सोडलं तर पार्व्होचा धोका. हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतो, आणि लहान पिल्लाला त्याने गाठलं तर दोन-तीन दिवसांत होत्याचं नव्हतं होतं. वर जुलै महिना. सोसायटीच्या आवारात पाणी तुंबलेलं, त्यात उंदीर. मुंबई-ठाण्याच्या पावसात उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) माणसांना होतो तसाच कुत्र्यांनाही होतो. तेव्हा लसी पूर्ण होईपर्यंत घरातच, हा निर्णय बरोबर होता. त्याबद्दल कुणी अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

मी सगळ्यांना म्हटलं, तासभर माझ्याकडे लक्ष देऊ नका, रोज जसं वागता तसंच वागा. आणि हॉलच्या कोपऱ्यात जमिनीवर बसले.

चिंगी जेवली. जेवण पोटात गेलं की पिल्लांची आतडी लगेच कामाला लागतात, म्हणून जेवणानंतरची पाच ते वीस मिनिटं फार महत्त्वाची. दहाव्या मिनिटाला तिने खेळणं टाकलं, नाक जमिनीला लावलं आणि लगबगीने सुक्या बाल्कनीकडे, म्हणजे धुण्याच्या छोट्या बाल्कनीकडे निघाली. पॅड तिथेच होतं, वॉशिंग मशीनच्या शेजारी. ती पॅडवर चढली. स्वतःभोवती एक गिरकी घेतली, दुसरी घेतली आणि बसली. पुढचे दोन्ही पाय पॅडच्या अगदी मधोमध. मागचे दोन्ही पाय पॅडच्या बाहेर, लादीवर. शू सुरू झाली ती सरळ लादीवर, आणि ओघळ मशीनखाली गेला.

"ए! परत!" मुलीच्या बाबांनी जोरात टाळी वाजवली. चिंगी दचकली, अर्धवट थांबली, कान पाडून सोफ्याखाली पळाली. मिनिटभराने ती दुसऱ्या बाजूने बाहेर आली आणि उरलेली शू तिने मुख्य दाराजवळच्या पायपुसण्यावर केली. तिथे कुणाचं लक्ष नव्हतं, म्हणून कुणी ओरडलं नाही.

पंधरा दिवसांची सगळी हकीकत त्या पाच मिनिटांत माझ्यासमोर घडून गेली.

मी पर्समधून टेप काढला. पॅड 33 बाय 45 सेंटीमीटरचं निघालं. पाकिटावर पिल्लाचं चित्र होतं म्हणून सूनबाईंनी विश्वासाने तेच घेतलेलं. चिंगी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत साधारण तीस सेंटीमीटर. कुत्रं बसण्याआधी गिरकी घेतं, आणि गिरकीला अंगाच्या दुप्पट तरी जागा लागते. पॅड पायाखाली लागलं की पिल्लाच्या दृष्टीने काम झालं. आपलं मागचं टोक कुठे आहे याचं भान त्या वयात फारसं नसतं. म्हणजे चिंगी पॅडवरच गेली होती. स्वतःहून गेली होती, कुणी न नेता. आणि नेमक्या त्या क्षणी तिच्यावर घर ओरडलं होतं.

कुत्र्याला "लादी ओली केलीस" हे कळत नाही. त्याला इतकंच कळतं की मी या ठिकाणी, या माणसासमोर, शू करायला बसले आणि काहीतरी भयंकर झालं. त्यातून पिल्लू दोन गोष्टी शिकतं: त्या जागी जायचं नाही आणि माणसासमोर करायचं नाही. मग ते सोफ्यामागे, पलंगाखाली, पडद्याआड जायला लागतं. घरातले म्हणतात, "बघा किती लबाड, लपून करते." मला हे ऐकवत नाही. अकरा आठवड्यांच्या जिवात लबाडी नसते, भीती असते. शूमध्ये नाक घासण्याचा सल्लाही त्यांना कुणीतरी दिला होता, आणि दोनदा तसं झालंही होतं. सांगताना मुलीच्या डोळ्यात पाणी आलं. मी तिला सांगितलं, आजपासून ते बंद, आणि त्यातून पिल्लू नक्की बाहेर येतं.

त्या दिवशी मी कुठलाही उपाय लगेच सुरू केला नाही. दोनच गोष्टी सांगितल्या: ओरडणं थांबवा, आणि तीन दिवस प्रत्येक शू वहीत लिहा. वेळ, जागा, त्याआधी ती काय करत होती. मुलीने जुन्या वहीत रकाने आखले आणि आजींनी त्या वहीला पेन्सिल बांधली. सोबत लघवीची तपासणी करून घ्यायला सांगितली. मादी पिल्लांना मूत्रमार्गाचा संसर्ग सहज होतो. थेंब थेंब, वरचेवर, मागचा भाग सारखा चाटत असेल तर शिकवणुकीने काही होत नाही, औषधच लागतं. चिंगीचा रिपोर्ट स्वच्छ आला.

बुधवारी संध्याकाळी वही बघितली. तीन दिवसांत 47 वेळा शू. पॅडवर पूर्ण 11 वेळा. मुलीने स्वतःच्या डोक्याने एक जादा रकाना केला होता, "अर्धी पॅडवर", त्यात 9. उरलेल्या 27 पैकी 12 पायपुसण्यावर, 8 आजींच्या गोधडीवर, बाकी इकडे तिकडे. म्हणजे 47 मधल्या 20 वेळा पिल्लू पॅडपर्यंत पोचत होतं. घरात सगळे म्हणत होते, पॅडवर कधीच करत नाही.

दुसरी गोष्ट वहीनेच दाखवली. पॅड सुटलं तर चिंगी कुठेही करत नव्हती, ती मऊ कापड शोधत होती. मी विचारलं, ज्यांच्याकडून आणली तिथे पिल्लं कशावर होती? सूनबाई म्हणाल्या, खोलीत सगळीकडे जुन्या चादरी आणि वर्तमानपत्रं पसरलेली होती. इथे धागा जुळला. जन्मल्यावर पहिले जवळजवळ तीन आठवडे आई चाटते तेव्हाच पिल्लाला शू-शी होते. त्यानंतर ते धडपडत अंथरुणापासून लांब जाऊन करायला लागतं, आणि साधारण सात ते नऊ आठवड्यांच्या काळात पायाखाली काय लागलं की करायचं, हे त्याच्या अंगात मुरतं. चिंगीच्या तळपायांना कापड आणि कागद ओळखीचे होते. पॅडचा गुळगुळीत, प्लॅस्टिकसारखा पृष्ठभाग तिच्यासाठी परका, आणि पायपुसणं मात्र थेट माहेरचं.

तिसरी गोष्ट वहीत नव्हती, ती मला नाकाने कळली. कामाच्या मावशी सकाळी नऊला येऊन घरभर फिनेलचा पोछा मारायच्या, आणि पॅडच्या आजूबाजूला तर जास्तच, कारण "तिथेच वास येतो". आपल्याला फिनेल स्वच्छ वाटतं. कुत्र्याच्या नाकाला तो वास असह्य होतो, शिवाय काळं फिनेल तर पिल्लाच्या पोटात जाता कामा नये, ते विषारी असतं. पंजे चाटणाऱ्या प्राण्याच्या घरात ते ठेवूच नये. उलट पायपुसणं आणि गोधडी घरात नुसती उन्हात टाकली जायची, त्यामुळे शूचा वास त्यात कायम. म्हणजे जिथे करायला हवं तिथला वास रोज पुसला जात होता आणि जिथे नको तिथला जपला जात होता. भरीला त्या बाल्कनीत पावसाची झड, आणि मशीन फिरायला लागलं की जमीन थरथरायची.

तेव्हा पॅड हललं. हॉलच्या एका कोपऱ्यात, देवघरापासून सर्वांत लांब, भिंतीच्या आडोशाला. 60 बाय 90 ची दोन पॅड शेजारी शेजारी, खाली प्लॅस्टिकचा ट्रे, आणि वर वर्तमानपत्राचे दोन ताव. त्यावर आधीच्या शूचा टिपकागदाचा एक तुकडा, वासाची खूण म्हणून. आजूबाजूला घडीचं जाळीचं कुंपण. आत एका टोकाला तिची चटई आणि पाणी, दुसऱ्या टोकाला पॅड. झोपायची जागा कुत्रं शक्यतो घाण करत नाही, हा त्याचा उपजत स्वभाव आपल्या बाजूने काम करतो.

पायपुसणी सगळी उचलली. दाराबाहेर गेली तर जातील, महिनाभर पाय पुसायला फडकं हातात घ्या. गोधड्या कपाटात. याला घरातून थोडा विरोध झाला, ओल्या चपला घेऊन सगळे येणार तर काय करायचं म्हणून. पण जी चूक घडूच शकत नाही ती सवय होत नाही. आधी चूक करायची संधी काढून घ्यायची, मग शिकवायचं. सांडलेली शू आधी कागदाने टिपायची, मग शूचा वास मुळातून मोडणारं एन्झाइमवालं क्लीनर ओतून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, लाद्यांच्या सांध्यात विशेषकरून. अमोनियावालं काही वापरायचं नाही, कारण लघवीतही अमोनिया असतो आणि कुत्र्याला वाटतं की कुणीतरी इथे आधी करून गेलंय.

आता वेळा. पिल्लाचं वय महिन्यांत धरून त्यात एक मिळवायचा, साधारण तितके तास ते जास्तीत जास्त धरू शकतं, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. चिंगीच्या बाबतीत तीन तास. पण तो आरामात पडलेल्या पिल्लाचा हिशेब. जागं असलेलं, उड्या मारणारं एवढंसं पिल्लू अर्ध्या-पाऊण तासात भरतं. म्हणून झोपेतून उठली की पॅड, जेवली की पॅड, खेळ थांबला की पॅड, आणि जागी असेल तर दर पाऊण तासाला. कडेवर उचलून नेलं तर रस्ता पिल्लाला शिकायला मिळत नाही. शक्य असेल तिथे तिला स्वतःच्या पायांनी चालत न्यायचं. शू संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. संपली की दोन सेकंदांत, पॅडवरच, हरभऱ्याच्या डाळीएवढा पनीरचा तुकडा. स्वयंपाकघरात जाऊन आणायचा नाही, डबी तिथेच भिंतीशी ठेवायची. डबी आणायला धावलात तर पिल्लू मागे धावतं आणि बक्षीस धावण्याला मिळतं.

हे सगळं दिवसभर कोण करणार, हा प्रश्न होता. मी आजींकडे बघितलं नाही, कारण त्यांना ते पिल्लू मनातून नकोसं झालं होतं. देवघरासमोर दोनदा झालं होतं, त्यांच्या गोधडीवर आठ वेळा. त्यांचं दुखणं खरं होतं. चाळीस वर्षं जी जागा सोवळ्यात जपली तिथे रोज फडकं मारावं लागणं, याला कुणी "एवढं काय त्यात" म्हणू नये.

पण आजी आपणहून आल्या. गुरुवारी सकाळी चिंगी पॅडवर नुसती उभी होती, इकडे तिकडे बघत. मुलगी म्हणाली, "कर ना गं, कर ना." आजी खुर्चीवरून म्हणाल्या, "अशी नाही करायची ती. बाळाला पायावर घेऊन आपण काय करतो?" आणि त्यांनी ओठांचा चंबू करून हळू, लांब आवाज काढला: "शूऽऽऽ, शूऽऽऽ." चिंगीने मान वाकडी करून ऐकलं. लगेच काही झालं नाही. आजी मात्र थांबल्या नाहीत. पुढचे चार दिवस चिंगीने बसायला सुरुवात केली की त्यांचा तो आवाज, तेवढ्यापुरता, हळू आवाजात. पाचव्या दिवशी आवाज आधी आला आणि चिंगी बसली.

प्रशिक्षणाच्या भाषेत याला इशारा जोडणं म्हणतात. आधी कृती घडत असताना शब्द, मग शब्दावर कृती. मी कितीतरी घरांत इंग्रजी शब्द शिकवत आले होते. आपल्या प्रत्येक आजीला तान्ह्या बाळाच्या निमित्ताने हे येतं, ते वापरायचं मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं. आता मी सगळ्या मराठी घरांत हाच आवाज सांगते.

पहिल्या आठवड्यात रात्री साडेअकरा, अडीच आणि साडेपाचला बाबा गजर लावून उठले. दिवा मंद, बोलणं नाही, पॅड, पनीर, झोप. ज्यांनी टाळी वाजवली होती त्यांनीच ही जबाबदारी मागून घेतली, आणि एकही रात्र चुकवली नाही. दहाव्या दिवशी अडीचचा गजर बंद करता आला. वहीत त्या दिवशी 14 वेळा, पैकी 12 पूर्ण पॅडवर, एक अर्धी, एक सोफ्याजवळ. "अर्धी"लाही पनीर द्यायचं, हा नियम मी मुद्दाम ठेवला होता. पॅडवर येणं आणि सगळे पाय पॅडवर असणं हे दोन वेगळे धडे आहेत, आणि दुसरा आपोआप येतो, जागा पुरेशी असली की.

वर्तमानपत्र मग हळूहळू कमी केलं. दोन तावांचा एक, एकाचा अर्धा, अर्ध्याचा हाताएवढा तुकडा. तिसऱ्या आठवड्यात कागद गेला, पॅड राहिलं. कुंपणही एकेक जाळी काढून उघडत नेलं. आधी हॉल, नंतर मुलीची खोली, स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी. यात घाई केली की बहुतेक घरं फसतात. चार दिवस सलग चांगले गेले की पिल्लाला सगळं घर मोकळं करतात आणि पाचव्या दिवशी मला फोन येतो.

मधल्या काळात एकदा चिंगीने पॅड फाडलं. आतले जे दाणे पाणी शोषून फुगतात ते पोटात जाणं चांगलं नाही, म्हणून ट्रेला जाळीचं झाकण लावलं आणि चावायला वेगळं रबरी खेळणं दिलं. वापरलेली पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळी ठेवायची. ही पद्धत पुण्यातल्या कचरावेचक महिलांनी सॅनिटरी पॅड आणि डायपरसाठी रुजवली. आत काय आहे हे हाताळणाऱ्या ताईंना उघडून बघावं लागू नये, एवढी काळजी आपण घेऊ शकतो. शी मात्र कागदाने उचलून संडासात टाकायची.

27 ऑगस्टला गणपती. घरी दीड दिवसाचा बाप्पा, तीस-पस्तीस माणसं. मी आधीच बजावलं होतं की कुंपण, पॅड आणि चिंगी आतल्या खोलीत, दार बंद. आरतीच्या वेळी कुणीतरी पाहुण्यांच्या मुलांपैकी दार उघडलं. झांजा, टाळ्या, अनोळखी पाय, आणि हॉलभर अंथरलेली सतरंजी. चिंगी सतरंजीच्या कडेला बसली. सूनबाईंनी मला नंतर सांगितलं, त्यांचा श्वास थांबला होता, सासूबाई आता काय म्हणतील म्हणून. आजींनी आरतीचं तबक शेजारच्या काकूंच्या हातात दिलं, चिंगीला उचललं, आतल्या पॅडवर नेऊन ठेवलं आणि दार लावून घेतलं. बाहेर "सुखकर्ता" चालू होतं आणि आतून "शूऽऽऽ" ऐकू येत होतं.

ती चूक पिल्लाची नव्हतीच. ओळखीचं मऊ कापड पायाखाली आलं, पॅड बंद दाराआड राहिलं, आणि आवाजाने ती बावरली. आठवडाभर पुन्हा जुन्या वेळा पाळल्या, गाडी रुळावर आली. सप्टेंबरच्या मध्यापासून वहीत लिहायला काही उरलं नाही, तेव्हा मुलीने मागच्या पानांवर चिंगीची चित्रं काढली.

लसी पूर्ण झाल्यावर नवा पेच आला. चिंगीला खाली न्यायला लागले. ती बागेत पाऊण तास फिरायची, हुंगायची, खेळायची आणि लिफ्टमधून वर आल्याबरोबर धावत जाऊन पॅडवर शू करायची. पॅडवर शिकलेल्या बहुतेक पिल्लांचं असं होतं. तिला गवत म्हणजे शूची जागा हे कुणी सांगितलंच नव्हतं. उपाय आहे: वापरलेल्या पॅडचा तुकडा पिशवीतून खाली न्यायचा, गवतावर ठेवायचा, सकाळची पहिली शू तिथे होऊ द्यायची, रोज तुकडा लहान करायचा. मी तो सांगितला आणि त्यांनी सुरूही केला. महिन्याभरात सकाळची वेळ खाली जमायला लागली, बाबा असतात तेव्हा.

घरातलं पॅड आता काढून टाकायचं का, असं सूनबाईंनी ऑक्टोबरमध्ये विचारलं. माझं स्वतःचं मत असं की पाच-सहा किलोच्या कुत्र्याला, सातव्या मजल्यावर, जिथे दुपारी घरात फक्त आजी आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात, तिथे पॅड जन्मभर राहिलं तरी काही बिघडत नाही. बाहेर फिरणं पोटासाठी नाही तरी नाकासाठी आणि डोक्यासाठी रोज हवंच. मी हे बोलायच्या आत आजींनीच उत्तर दिलं. "पावसात लिफ्ट बंद पडली तर मी काय तिला सात मजले उचलून नेऊ? राहू दे तिची मोरी तिथेच," असं म्हणून त्यांनी पनीरची डबी भरून भिंतीशी ठेवली.